जॉर्ज सायमन ओहम

विजेच्या प्रवाहाचा नियम शोधून काढणारा जॉर्ज सायमन ओहम हा एका कुलपे करणाऱ्या कारागिराचा मुलगा. जर्मनीतील एर्लांगेन गावी १६ मार्च १७८९ रोजी तो जन्मला. दहा वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. वडील शाळेत फारसे शिकलेले नव्हते. परंतु स्वकष्टाने गणित आत्मसात करून त्यांनी ते मुलांना शिकविले. विद्यापीठात गेल्यावर जॉर्जचे मन नाच, बिलियर्ड आणि बर्फावरील घसरण्याचे खेळ यांतच रमू लागले. तेव्हा वडिलांनी संतापून त्याचे शिक्षण थांबविले. मग स्वित्झर्लंडमध्ये शिक्षकी करीत त्याने स्वतःच अभ्यास चालू ठेवला आणि १८११ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

१८१७ पासून तो कोलोन येथील शाळेत शिकवीत असे. तेथील प्रयोगशाळेत त्याने विजेचा अभ्यास आरंभिला. १८२५ मध्ये त्याने मांडलेले पहिले सूत्र चुकीचे ठरले, कारण त्या काळच्या विद्युत्घटाचा जोर क्षणोक्षणी ओसरत असे. तेव्हा पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने तांबे व बिस्मथ या धातूंचे दोन सांधे घेतले. एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवताच स्थिर दाबाची वीज मिळाली. मग एकाच जाडीच्या, पण निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकामागून एक जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीवरून प्रवाह मोजला. तार जितकी लांब, तितका प्रवाह कमी. उपकरणाचा स्वतःचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, हिशेबात धरताच सारे आकडे एका नियमात बसले : दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो.

१८२७ मध्ये त्याने हा विचार ग्रंथरूपाने मांडला. परंतु जर्मनीतील अनेक विद्वानांनी तो मानला नाही. अपेक्षित प्राध्यापकपद मिळेना, म्हणून ओहमने कोलोन सोडले आणि पुढील कित्येक वर्षे सामान्य शिक्षकी करून काढली. अखेर १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक देऊन गौरविले. म्यूनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ६ जुलै १८५४ रोजी तो निवर्तला. पुढे १८८१ मध्ये पॅरिस येथील परिषदेने रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले.

आज घरांच्या छपरांवर सौर पॅनेले दिसतात. त्यांतून किती प्रवाह येतो, हे ओहमच्याच नियमाने समजते. प्रवाहाच्या वाटेत ०.१ ओहमचा रोधक जोडावा आणि त्याच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. तो ०.२ व्होल्ट भरला, तर ०.२ ला ०.१ ने भागून प्रवाह २ अँपिअर ठरतो. ढग आला की प्रवाह घटतो, व्होल्टमापकाचा आकडाही त्याच प्रमाणात उतरतो. नियम मात्र ढळत नाही.

विद्यार्थी मित्रहो, पहिले सूत्र चुकले म्हणून ओहमने प्रयोग सोडला नाही, आणि विद्वानांनी नाकारले म्हणून सत्यही सोडले नाही. त्याची थोरवी यातच आहे.