मंडालेतील सातू



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जातो तेव्हा कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी घरांत फ्रिजमध्ये इन्सुलिन आणि उशाशी गोळ्यांचा डबा दिसतो. साठी ओलांडलेली माणसे विचारतात, आता आपल्या हातून काय व्हायचे उरले? त्यांना मी लोकमान्य टिळकांची आठवण देतो. त्यांचा तुरुंगवास सर्वांना ठाऊक असतो, मधुमेह मात्र फारसा कुणाला नाही.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या हायकोर्टात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होणार होती. ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात लाकडी खोली मिळाली. उन्हाळ्यात तिची भट्टी होई. त्या काळी मधुमेहावर खरे औषध नव्हतेच. ताटात काय वाढून घ्यायचे, एवढेच रोग्याच्या हाती होते. टिळकांनी गहू-तांदूळ दूर ठेवून सातूवर भर दिला. स्वयंपाकाला एक मराठी कैदी मिळाला होता. दुखणे गेले नाही, पण आटोक्यात राहिले. (हे वाचून कुणी मनाने गोळ्या बंद करून सातू सुरू करू नये! डॉक्टरांना विचारा.)

१९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. सेमिनरीत कांट आणि मिल वाचताना मला घाम फुटला होता, आणि वयही पंचविशीचे होते. हा आजारी कैदी त्याच दोघांचा परामर्श घेत कर्मयोगावर लिहीत होता. १९१२ साली इकडे पुण्यात पत्नी सत्यभामाबाई वारल्या. ती बातमी त्यांना तुरुंगातच कळली.

जून १९१४ मध्ये ते सुटले तेव्हा अठ्ठावन्नाला टेकले होते. शरीर थकले होते, मधुमेह सोबतच होता. घरी स्वस्थ बसले असते तर कुणी नावे ठेवली नसती. पण १९१५ मध्ये ग्रंथ छापून आला, १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली, गावोगाव व्याख्याने झाली, आणि १९१८ साली, बासष्टाव्या वर्षी, ते बोटीने विलायतेला गेले. वर्षभराने परतले.

जुलै १९२० मध्ये मुंबईत सरदारगृहात ताप आला, न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्टला ते गेले. पुढच्याच वर्षी टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिनचा शोध लागला.