शाहू महाराज : शाळा, समाज आणि व्यापार जोडणारा राजा

पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमी लगेच मोबाईलवर येते. पण हे धरण बांधायला घेतलं कुणी, माहितीय? कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी!

जन्म २६ जून १८७४. १८९४ मध्ये कारभार हाती आला. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली, १९०६ मध्ये कापड गिरणी काढली, पुढे धरणाचं काम हाती घेतलं. पण अशा कामांना शिकलेली माणसं लागतात, आणि बहुतेकांना तर शाळाच परकी होती. खेड्यातली मुलं कोल्हापुरात राहणार कुठे? म्हणून १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं निघाली. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखीव झाल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड! १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवलं.

६ मे १९२२ ला, अवघ्या ४७ व्या वर्षी महाराज गेले. धरण पूर्ण झालेलं त्यांना पाहता आलं नाही. पुढच्या वेळी दरवाजे उघडल्याची बातमी फॉरवर्ड कराल, तेव्हा ही गोष्टही सोबत पाठवा.