हद्दपार गोमंतकीय लेखक : त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा

गिरगांवानजीक धोबीतलावाच्या बाजूस गोमंतकीय लोकांचे कुड आहेत, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. ह्याच मुंबई शहरांत, जन्मभूमीस मुकलेल्या एका गोमंतकीय लेखकानें आपलीं अखेरचीं वर्षें काढलीं. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा ह्यांचा जन्म ता. २ एप्रिल १८९१ रोजीं साष्टी महालांतील चांदर गांवीं एका ख्रिस्ती घराण्यांत झाला. पांडिचेरीस फ्रेंच शिक्षण घेऊन ते पॅरिसला गेले व तेथें त्यांनीं विद्युत्-यंत्रविद्येची पदवी मिळविली. ते परदेशांतच सुखानें राहूं शकले असते. परंतु तेथील नियतकालिकांतून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू मांडीत असतां त्यांचें मन मायभूमीकडे ओढ घेऊं लागलें, आणि १९२६ सालीं ते स्वदेशीं परतले. १९२८ सालीं त्यांनीं गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. आसामच्या चहाच्या मळ्यांत गेलेल्या गरीब गोमंतकीय मजुरांची दैनाही त्यांनीं उघडकीस आणिली.

त्या काळीं पोर्तुगालांत सालाझार ह्यांची एकतंत्री सत्ता होती, व गोमंतकांत सरकारी तपासणीवांचून कांहीं छापण्याची मुभा नव्हती. अशा दिवसांत, १९४४ सालीं, कुन्हा ह्यांनीं ‘डीनॅशनलायझेशन ऑफ गोअन्स’ हें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. परकी सत्तेनें गोमंतकीयांस त्यांच्या भाषेपासून व चालीरीतींपासून तोडून घरींच उपरे केलें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. धर्माच्या नांवाखालीं झालेला जुलूमही त्यांनीं लपविला नाहीं. आम्हां ख्रिस्ती वाचकांस तो भाग कडू लागतो. पण कडू लागला म्हणून तो खोटा ठरत नाहीं. प्रभु येशूचा शिष्य होण्याकरितां मायबोली व मायदेश टाकावा, असें शुभवर्तमानांत कोठेंही सांगितलेलें नाहीं.

ता. १८ जून १९४६ रोजीं डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनीं मडगांवीं सभाबंदी मोडली. पुढील महिन्यांत कुन्हा ह्यांस अटक होऊन आग्वादच्या किल्ल्यांत कोंडण्यांत आलें. लष्करी न्यायालयानें त्यांस आठ वर्षांची शिक्षा फर्माविली, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं त्यांची रवानगी पोर्तुगालांतील पेनिश किल्ल्यांत झाली. १९५० सालीं तुरुंगाचें दार उघडलें, तरी घरची वाट बंदच राहिली. अखेर १९५३ सालीं ते तेथून निसटले व पॅरिसमार्गें मुंबईस पोहोंचले. प्रकृति खालावली होती, तरी लेखणी थांबली नाहीं. ‘फ्री गोवा’ हें पत्र चालवून गोमंतकाचें गाऱ्हाणें ते जगापुढें मांडीत राहिले.

ता. २६ सप्टेंबर १९५८ रोजीं ते मुंबईंतच निवर्तले. गोमंतक मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजीं. पुढें त्यांचे अवशेष गोव्यास नेण्यांत आले, व पणजीच्या आझाद मैदानांत त्यांचें स्मारक आहे.

विद्यार्थ्यांनो, परक्यांचे दोष दाखविणें सोपें. आपल्याच लोकांस न रुचणारें सत्य लिहिणें कठीण. कुन्हा ह्यांनीं दोन्ही केलें, आणि त्यापायीं घर गमावलें. सत्य बोलण्याचें तेवढें धैर्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो, एवढीच आमची प्रार्थना आहे.