वाचनमालेचे आचार्य

शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी शाळेजवळून जाणाऱ्या वाटसरूला शाळा दिसण्यापूर्वीच ऐकू येत असे. ओसरीवर बसलेली मुले एका सुरात, माना डोलावीत धडा म्हणत असत. मग ती शाळा पुण्याच्या एखाद्या पेठेतली असो की कुलाबा जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कडावसारख्या गावातली असो. एखादा चुणचुणीत मुलगा उभा राहून पानभर मजकूर न अडखळता वाचून दाखवी. त्याचा तो खणखणीत आवाज ऐकून घरच्या मंडळींना धन्य वाटे. परंतु पुस्तक मिटून त्याला कोणी विचारले, की बाळ, आता वाचलेस त्यात काय सांगितले आहे, तर तो मुलगा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागे. अक्षरे सारी ओळखीची होती. अर्थाशी मात्र त्याची गाठ पडलेली नव्हती.

यात त्या मुलाचा दोष नव्हता, आणि सगळा दोष गुरुजींचाही नव्हता. धडे पाठ करून घेणे म्हणजेच शिकविणे, अशी समजूत फार जुनी होती. शिवाय मुलांच्या हाती पडणारी पुस्तकेही तशीच होती. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थांनी मराठी शाळांसाठी क्रमिक पुस्तके सिद्ध केली. कँडीसाहेबांचे मराठीवर उपकार आहेत, हे विसरता कामा नये. मोल्सवर्थ यांच्या प्रसिद्ध मराठी कोशाच्या कामी त्यांचे मोठे साहाय्य झाले होते. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे मराठीत कशी योजावी, हे सांगणारी त्यांची पुस्तिका १८५० साली निघाली. वाचताना कोठे थांबावे हे आज आपल्याला जे कळते, त्याचे काही श्रेय त्यांच्याकडे जाते. परंतु त्यांच्या काळच्या धड्यांत भाषांतराचा वास होता. वाक्ये लांबलचक, शब्द जड, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी बोधाची मात्रा चाटविलेली. भातलावणीच्या चिखलात खेळणाऱ्या, नाचणीची भाकरी खाणाऱ्या मुलाला त्या पानांत आपले घर कोठेच दिसत नसे.

आणि ही काही केवळ परीक्षेपुरती अडचण नव्हती. नुसती अक्षरे वाचणारा मुलगा मोठा झाला म्हणजे सावकाराचा कागद त्याच्यापुढे येई. तो तेही मोठ्याने वाची, आणि खाली सही करून आपले शेत गमावून बसे. अर्थ न समजता केलेले वाचन निरक्षरतेइतकेच महाग पडत असे.

अशा काळात मराठी वाचनाच्या पुस्तकांचे रूप पालटून टाकण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत प्रल्हाद केशव अत्रे यांचे नाव पुढे आहे. अत्रे म्हटले की मोठ्या माणसांना सभा गाजविणारा वक्ता आठवतो, हसवून पोट दुखविणारा नाटककार आठवतो. परंतु त्या सर्वांच्या आधी अत्रे शिक्षक होते.

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यातील सासवडजवळच्या कोढीत या खेड्यात झाला. सासवड हे कऱ्हा नदीच्या काठी वसलेले जुने गाव. ज्ञानेश्वरांचे बंधू सोपानदेव यांची समाधी तेथे आहे, आणि उशाशी पुरंदरचा किल्ला उभा आहे. कऱ्हा ही काही मोठी नदी नव्हे. पण अत्र्यांना तिचा इतका लळा, की पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याचे नाव ‘कऱ्हेचे पाणी’ असे ठेवले. कीर्तने, भजने, आज्यांच्या गोष्टी, बाजारातली खमंग बोलणी ही सारी मराठी त्यांच्या कानांत लहानपणीच भरली होती. शाळेच्या पुस्तकातील मराठी आणि कऱ्हेकाठची मराठी यांमध्ये किती अंतर आहे, हे त्यांना कोणी निराळे सांगावे लागले नाही.

पुढील शिक्षणासाठी ते पुण्यास आले आणि १९१९ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. थोर नाटककार राम गणेश गडकरी यांना त्यांनी गुरुस्थानी मानले होते. मुंबईतील शाळांत काही काळ नोकरी केल्यावर ते पुण्याच्या लष्कर भागातील कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत आले व तिचे मुख्याध्यापक झाले. लष्करातील वस्ती नाना जातींची, नाना धर्मांची, नाना भाषा बोलणारी. सदाशिव पेठेतील मुलाला घरबसल्या मिळणारे शब्द येथील कित्येक मुलांच्या कानांवर कधी पडलेलेही नसत. अशा वर्गात जड धडा घेऊन उभ्या राहणाऱ्या शिक्षकापुढे दोनच मार्ग असतात. एक, मुलांना ठोंब्या ठरवून मोकळे होणे; आणि दुसरा, धडाच तपासून पाहणे. अत्र्यांनी दुसरा मार्ग धरला.

याच सुमारास ‘केशवकुमार’ या टोपणनावाने ते कविताही लिहीत असत. त्यांच्या ‘झेंडूची फुले’ या संग्रहाने महाराष्ट्रात हास्याचा कल्लोळ उडवून दिला. मोठमोठे अलंकारिक शब्द वापरायचे आणि अर्थाच्या नावाने शून्य, अशा कवितेची त्यांनी त्यात विडंबने केली होती. कवींना हसणारा हा विडंबनकार आणि मुलांसाठी सोपे धडे शोधणारा मास्तर ही दोन निराळी माणसे नव्हती. अर्थावाचूनचा शब्द दोघांनाही सारखाच सलत होता.

१९२७ साली अत्रे विलायतेस गेले. लंडन विद्यापीठात त्यांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ साली तेथील अध्यापनाची पदविका मिळविली. पर्सी नन आणि सिरिल बर्ट या विद्वानांची त्या वेळी तेथे मोठी ख्याती होती. प्रत्येक मुलाचे व्यक्तित्व स्वतंत्र आहे आणि ते फुलविणे हे शाळेचे काम आहे, असा नन यांचा विचार होता. बर्ट हे मुलांच्या मनाचे अभ्यासक. मुलांना शाळेत काय आणि किती येते हे मोजावयाचे कसे, याविषयी त्यांनी १९२१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि त्यात वाचनाच्या परीक्षेचाही विचार होता. मुलाचे वाचन हा शास्त्राचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट त्या काळी आपल्याकडे नवीच होती.

कित्येक माणसे विलायतेहून येताना टोपी आणि छडी घेऊन येतात. अत्र्यांनी परत येऊन मराठी क्रमिक पुस्तकांचे काम हाती घेतले. सहकाऱ्यांच्या साहाय्याने प्राथमिक शाळांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ आणि दुय्यम शाळांसाठी ‘अरुण वाचन’ अशी पुस्तके त्यांनी सिद्ध केली. हे काम वरून दिसते तितके सोपे नव्हते. मोठ्यांसाठी सोपे लिहिणे कठीण, आणि लहानांसाठी सोपे लिहिणे त्याहून कठीण. पहिलीच्या मुलाला किती अक्षरे येतात, दुसरीच्या मुलाचा दम कितव्या शब्दाला संपतो, कोणती कल्पना त्याच्या अनुभवातली आणि कोणती त्याच्या अनुभवापलीकडची, हे सारे तोलून पाहावे लागते. त्यातून गोष्ट बेचव झाली तर सारा खटाटोप फुकट.

अत्र्यांची युक्ती अशी, की आधी मुलाला हसू आले पाहिजे किंवा डोळ्यांत पाणी आले पाहिजे. मग अर्थ शोधावयास त्याला छडीची गरज राहत नाही. बोलणारी माणसे, चटपटीत संवाद, घरातले प्रसंग, त्या काळच्या चांगल्या मराठी लेखककवींचे गद्यपद्य ही सामग्री त्यांच्या पुस्तकांत आली. बोधाची मात्रा उगाळण्याचे काम त्यांनी बरेचसे मुलांच्या मनावरच सोपविले.

त्यांनी मुलांसाठी लिहिलेली ‘दिनूचे बिल’ ही गोष्ट पाहा. दिनू आपण आईच्या सांगण्यावरून केलेल्या लहानसहान कामांचे पैसे मागणारे बिल तयार करतो. आई रागावत नाही. ती त्याचे पैसे त्याला देते आणि सोबत आपलेही एक बिल ठेवते. त्यात तिने आजवर केलेल्या सेवेची यादी असते. मात्र किंमत म्हणून ती काहीच मागत नाही. गोष्टीतले शब्द अगदी साधे आहेत. आठ वर्षांच्या मुलालाही ते वाचता येतात. परंतु आईने काहीच का मागितले नाही, हे कोठल्याही एका शब्दात लिहिलेले नाही. ते दोन बिले शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्यालाच काढावे लागते. जे मूल तेथे क्षणभर थांबते, ते वाचावयास शिकले असे खुशाल समजावे.

‘आजीचे घड्याळ’ ही केशवकुमारांची कविताही अशीच. या घड्याळाची टिकटिक कधी ऐकू येत नाही. त्याला कोणी किल्ली देत नाही. आजी ते कोठे ठेवते याचा पत्ता नातवंडांना लागत नाही, आणि तरी ते कधी बंद पडत नाही. पहाटे कोंबडा आरवला की आजीला वेळ कळते. दिवसाचे ऊन सरकले की कळते. घड्याळ हा शब्द ज्याला नुसता वाचता येतो, तो मुलगा कवितेत घड्याळ शोधत बसेल. ज्याला अर्थ वाचता येतो, त्याला घड्याळ नसतानाही ते सापडेल. खेड्यातील मुलाला तर हे घड्याळ शहरी मुलाच्या आधी सापडण्याचा संभव अधिक. कारण त्याच्या घरी तसली एक आजी अनेकदा असतेच.

अत्र्यांनी शाळाही उभारल्या. पुण्यात मुलांसाठी राजा धनराज गिरजी हायस्कूल आणि मुलींसाठी आगरकर हायस्कूल निघाले, त्यामागे त्यांचे श्रम होते. पुढे मात्र त्यांचा ओढा निराळ्या क्षेत्रांकडे वाढत गेला. ‘साष्टांग नमस्कार’सारखी नाटके गाजली, ‘नवयुग’ साप्ताहिक १९४० साली निघाले, १९४२ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकावर त्यांनी काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले, आणि हा मान मिळविणारा तो पहिलाच चित्रपट होय. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या ‘मराठा’ दैनिकाने, जे १५ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झाले, रान पेटविले. त्यांची लेखणी या काळात कधीकधी मर्यादा सोडून प्रतिपक्षावर तुटून पडे, आणि कौतुक करावयाचे तर गेल्या दहा हजार वर्षांचा हवाला दिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. अतिशयोक्ती हा त्यांचा स्वभावच होता. नवल हे, की मुलांसाठी लिहावयास बसले म्हणजे हाच माणूस एक शब्द जास्त पडू देत नसे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. राज्यातील मुलांसाठी पाठ्यपुस्तके तयार करणारे स्वतंत्र मंडळ २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाले आणि ‘बालभारती’ हे नाव घरोघरी पोहोचले. निरनिराळ्या वाचनमालांचे युग हळूहळू मागे पडले. नवयुग वाचनमालेवर वाढलेली पिढी तोवर मोठी झाली होती. त्यांपैकी कित्येक जण स्वतः शिक्षक होऊन वर्गात उभे होते.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत आचार्य अत्रे यांचे निधन झाले. ‘कऱ्हेचे पाणी’ अपुरेच राहिले. ‘आजीचे घड्याळ’ मात्र नव्या पाठ्यपुस्तकांतही आले, आणि ते शिकविताना गुरुजींनी आजीने घड्याळ कोठे ठेवले असेल असे विचारले, की वर्गात क्षणभर शांतता पसरे, मग मागच्या बाकावरून एखादा हात हळूच वर येई.