नोकरी गेली, दंड झाला, पण माहिती देणं थांबवलं नाही : र. धों. कर्वे

स्मृतिदिन विशेष | करडी (ता. मोहाडी)

आज करडी परिसरातल्या कोणत्याही गावात आशाताईला विचारलं, तर निरोध आणि माला-एनच्या गोळ्या मिळतात. कॉपर-टी बसवायची असेल, तर ती दवाखान्याची वाट दाखवते. यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी हीच माहिती मराठीत सांगितली म्हणून एका प्राध्यापकाची नोकरी गेली आणि त्याला कोर्टात उभं राहावं लागलं. त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. १४ ऑक्टोबर हा त्यांचा स्मृतिदिन.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरुड गावचा. हे मुरुड दापोलीजवळचं. वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे महिला विद्यापीठ उभं केलं. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ साली, आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्यांचं वय तेव्हा तीसही नव्हतं. त्या काळी अशा कितीतरी बाया बाळंतपणात जात. लोक त्याला नशीब म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवा बाईशी लग्न केलं, तर मुरुडच्या गावकऱ्यांनी घरावर बहिष्कार टाकला. समाजाच्या विरोधात गेलं की काय सोसावं लागतं, हे रघुनाथने लहानपणीच घरात बघितलं.

पोरगा अभ्यासात फार हुशार. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाला आणि गणिताचा प्राध्यापक बनला. १९१९ साली गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेला. गर्भ राहू नये म्हणून वापरायच्या साधनांवर तिकडे युरोपात उघड चर्चा सुरू होती, पुस्तकं निघत होती. आपल्याकडे मात्र नवरा-बायकोतही हा विषय निघत नव्हता.

परत आल्यावर १९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं केंद्र मानलं जातं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी असंच केंद्र काढलं तेही १९२१ सालीच. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. तेव्हा गर्भनिरोधक गोळी निघालीच नव्हती. ती अमेरिकेत १९६० साली बाजारात आली. रघुनाथरावांच्या काळात होते ते रबरी निरोध, बाईने आत बसवायची रबरी टोपी, काही रासायनिक औषधं आणि शस्त्रक्रिया. कोणतं साधन कसं वापरायचं आणि त्यात चूक कुठे होते, हे ते समजावून सांगत. पुढे त्यांनी संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावर साध्या मराठीत पुस्तकंही लिहिली.

तेव्हा ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते. कॉलेज मिशनऱ्यांचं. हे काम बंद करा, असा दबाव आला. रघुनाथरावांनी काम ठेवलं आणि १९२५ साली नोकरी सोडली. महिन्याचा बांधलेला पगार गेला. त्यानंतर पैशाची चणचण आयुष्यभर राहिली.

या सगळ्यात पत्नी मालतीबाई त्यांच्या सोबत होत्या. मूल होऊ द्यायचं नाही, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली ती रघुनाथरावांनी, बायकोला पुढे केलं नाही. आपल्याकडे आजही घरात ऑपरेशनचा विषय निघाला की नाव बाईचंच घेतलं जातं. पुरुषाची नसबंदी सोपी असते, टाके घालावे लागत नाहीत, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. तरी अंगातली ताकद जाईल, धानाच्या बांधीत काम होणार नाही, या भीतीने पुरुष मागे सरतात. ही भीती खरी नाही. पुरुषपणावर किंवा कामाच्या ताकदीवर नसबंदीने काही फरक पडत नाही. पहिले तीन महिने मात्र निरोध वापरावा लागतो आणि तपासणी करून खात्री करावी लागते.

जुलै १९२७ मध्ये रघुनाथरावांनी समाजस्वास्थ्य नावाचं मासिक काढलं. लेख लिहिणं, छापून घेणं, अंक पोस्टात टाकणं, बहुतेक काम स्वतःच करायचे. वाचक पत्रातून आपल्या अडचणी विचारायचे. जे वैद्याला किंवा घरच्यांना विचारायची लाज वाटे, ते या मासिकाला विचारायचे, आणि रघुनाथराव आडपडदा न ठेवता उत्तर द्यायचे. मासिकाच्या मुखपृष्ठावर उघड्या बाईचं चित्र असायचं, त्यावरूनही टीका व्हायची.

सनातनी लोकांनी त्यांना कोर्टात खेचलं. १९३१ साली एका लेखावरून खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला उभा राहिला. या वेळी कारण होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. रघुनाथरावांची बाजू मांडायला वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड बसला. पण बाबासाहेबांनी हा विषय तिथेच सोडला नाही. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो फेटाळला गेला. याच बाबासाहेबांनी पुढे १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे.

गांधीजींचं मत वेगळं होतं. मुलं कमी हवी असतील तर संयम पाळावा, साधनं वापरू नयेत, असं ते मानत. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई त्यांना भेटायला आपल्या विदर्भात, वर्ध्याला आल्या होत्या. दोघांचं एकमत झालं नाही. रघुनाथरावांनीही गांधीजींच्या या मतावर उघड टीका केली. देशभर ज्यांचा शब्द चालायचा, त्यांच्याविरुद्ध लिहिणं सोपं नव्हतं.

१९४४ साली मालतीबाई गेल्या. त्यानंतरही मासिक निघतच राहिलं. १९५२ साली भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. म्हणजे ज्या कामासाठी रघुनाथरावांनी नोकरी सोडली, ते काम आता सरकार करू लागलं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. नोव्हेंबर १९५३ चा अंक शेवटचा ठरला. वडील महर्षी कर्वे मुलाच्या मागे नऊ वर्षं जगले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं. मुलाची आठवण लोकांना उशिरा झाली. २००१ साली अमोल पालेकरांनी ध्यासपर्व हा सिनेमा त्यांच्यावर काढला.

रघुनाथरावांची सगळीच मतं आज सगळ्यांना पटतील असं नाही. पण माहिती लपवली की नुकसान बाईचं होतं, हे त्यांचं म्हणणं आजही खोटं ठरलेलं नाही. आता साधनं भरपूर आहेत, मोबाईलही हातात आहे, तरी अर्धवट माहितीवर गोळ्या घेतल्या जातात. म्हणून काही गोष्टी इथेच सांगून ठेवतो. मेडिकलमध्ये मिळणारी तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जेवढ्या लवकर तेवढं बरं, अशी घ्यायची असते. ती नेहमी वापरायची गोळी नाही. गर्भपाताची गोळी वेगळी असते. ती डॉक्टरांना न दाखवता घेतली तर रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळे माला-एनसारख्या गोळीचा असर कमी होतो, म्हणून टीबीचा उपचार सुरू असेल तर तसं आधी सांगायचं. बीपी असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर गोळी सुरू करण्याआधी विचारायचं. दोन मुलांत अंतर हवं असेल तर दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, हार्मोन नसलेली छाया गोळी आहे.

हे सगळं आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारता येतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. रघुनाथरावांना पत्र लिहिणाऱ्या वाचकांना उत्तरासाठी पुढच्या अंकाची वाट बघावी लागायची. आपल्याला आशाताईच्या घरापर्यंतच जायचं आहे. नवऱ्यानेही सोबत जावं.