सर अल्बर्ट हॉवर्ड

मोरा बंदरापासून पनवेलपर्यंतच्या भातकरी लोकांत राब भाजण्याची चाल जुनी आहे. टहाळ, पातेरा व शेण वाफ्यावर पसरून पेटवावयाचे आणि त्या राखेत रोप पेरावयाचे. रोप जोमाने येते व तण मरते हे खरे. परंतु जे धूर होऊन गेले ते जमिनीस परत मिळत नाही. जमिनीपासून घेतलेले जमिनीस परत द्यावे, हे ज्यांनी जन्मभर सांगितले त्या हॉवर्ड साहेबांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहों.

त्यांचा जन्म इंग्लंडात श्रॉपशायर परगण्यातील एका शेतकऱ्याच्या घरी १८७३ साली झाला. केंब्रिज येथे विद्याभ्यास करून व काही वर्षे वेस्ट इंडीज बेटांत पिकांच्या रोगांचा शोध करून १९०५ साली ते बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांची पत्नी गॅब्रिएल ह्याही त्याच शास्त्रात निपुण असून उभयतांनी गव्हाच्या उत्तम जाती तयार केल्या. आसपासचे अडाणी म्हटले जाणारे शेतकरी व पिकांवरील कीड ह्यांनाच साहेबांनी आपले गुरू मानिले, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पदव्यांहून मोठी वाटते. तेथे त्यांच्याकडे ७५ एकर जमीन व स्वतःचे बैल होते. कुंपणापलीकडील लाळ-खुरकुताने पीडलेल्या गुरांशी हे बैल तोंडास तोंड लावीत, तरी सकस वैरणीमुळे त्यांस रोग जडला नाही, असे ते सांगत.

१९२४ साली ते इंदुरास नव्या संस्थेचे प्रमुख झाले. तेथे रा. यशवंत वाड ह्यांच्या साहाय्याने त्यांनी खताची जी रीत बसविली तिला इंदूर पद्धती म्हणतात. कापसाच्या टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरावयाच्या. त्यांत तण, पाला, शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती व थोडी राख मिसळून थर रचावयाचे. पाणी शिंपडावे, ढीग तीन वेळा उलथावा; सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून जमिनीवर ढीग करावा, असेही त्यांनी सांगितले आहे. कोकणात हे विशेष ध्यानात ठेवावे. अंजिराच्या दृष्टांतातील माळ्याने झाडाभोवती खणून खत घालण्यास एक वर्षाची मुदत मागितली होती. येथे तर एका हंगामाचे काम. मात्र गुरे नाहीत व सरपणास गोवऱ्यांवाचून दुसरे काही नाही, अशा घरी ही रीत सोपी नव्हे, हे आम्ही जाणतो.

१९३० साली गॅब्रिएलबाई वारल्या. पुढील वर्षी साहेब व वाड ह्यांचे खतावरील पुस्तक निघाले व साहेब स्वदेशी परतले. १९३४ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. रासायनिक खतांविरुद्ध लिहिल्यामुळे पुष्कळ विद्वान त्यांच्यावर रुष्ट झाले. तथापि १९४७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपले म्हणणे सोडिले नाही.

२०१६ साली सिक्कीम हे संपूर्ण राज्य सेंद्रिय शेतीचे म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्र सरकारनेही विदर्भातील अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा इत्यादी जिल्ह्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या नावे जैविक शेतीचे काम हाती घेतले. कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिला ते हेच जिल्हे. कापूस तेथेही मुख्य पीक आहे, आणि पऱ्हाट्या अजून पुष्कळ ठिकाणी बांधावर जाळल्या जातात.