चालता व्यापार सोडून प्रार्थनेला पहिला वेळ. वसईचे संत गोन्सालो गार्सिया कोण होते?

नालासोपारा पश्चिमेकडील कळंब, राजोडी, निर्मळ, गास या पट्ट्यात गोन्सालो हे नाव नवे नाही. कळंबपासून जवळच असलेल्या गास गावातील चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. वसईतील एका कॉलेजलाही त्यांचेच नाव आहे. जपानमध्ये क्रुसावर मरण पत्करलेला वसईचा माणूस, एवढी माहिती अनेकांना असते. पण त्याआधी हा माणूस यशस्वी व्यापारी होता आणि त्याने तो व्यापार स्वतःहून सोडला, हे फारसे सांगितले जात नाही.

वसईत जन्म, जपानमध्ये तारुण्य

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, तर आई इथलीच, कोकणातली. वसईच्या कोटात येशूसंघीय (जेजुइट) धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले. मिसरूड फुटण्याच्या वयात, १५७२ च्या सुमारास, त्यांच्यासोबत ते जपानला गेले.

तिथे ते जपानी भाषा उत्तम शिकले. जवळपास आठ वर्षे त्यांनी लोकांना धर्मशिक्षण देण्याचे काम केले. येशूसंघात कायमचा प्रवेश मिळावा, ही त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

मग व्यापार का?

संघाचे दार उघडले नाही, तेव्हा पोटापाण्याची सोय पाहणे भाग होते. पूर्व आशियात त्या काळी जहाजांची मोठी ये-जा होती. भाषा येत होती, ओळखी होत्या. गोन्सालो व्यापारात उतरले आणि त्यांचा जम बसला. त्यांच्या पेढीचा पसारा वाढत गेला, असे चरित्रकार सांगतात.

म्हणजे देवाच्या कामातून नकार मिळाला आणि संसारी जगात मात्र यश आले. बहुतेकांनी इथेच समाधान मानले असते. रविवारी चर्च, सणाला दानधर्म आणि बाकीचे सहा दिवस धंदा, असे आयुष्य सहज काढता आले असते. ते पापही ठरले नसते.

मनिलात काय बदलले?

व्यापाराच्या निमित्ताने त्यांचा फिलिपिन्समधील मनिलाशी संबंध आला. तिथे ते फ्रान्सिस्कन संघाच्या संपर्कात आले. कुष्ठरोग्यांच्या सेवेत ते रमू लागले. अखेर व्यापार बंद करून ते या संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नाही, तर साधे व्रतस्थ बंधू म्हणून. बंधूच्या वाट्याला मान कमी आणि हातकाम जास्त.

रोजचा दिवस कसा असे?

संत फ्रान्सिस यांच्या १२२३ च्या नियमावलीत धर्मगुरू नसलेल्या बंधूंसाठी दिवसाचा हिशेब घालून दिलेला आहे. ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना पहाटेपूर्वी २४ वेळा, पहाटे ५ वेळा, दिवसभरातील चार प्रहरांना प्रत्येकी ७ वेळा, संध्याकाळी १२ आणि झोपण्यापूर्वी ७ वेळा. एकूण ७६.

ही प्रार्थना काम टाळण्यासाठी नव्हती. बंधूंनी मेहनतीने काम करावे, मात्र त्या कामाने प्रार्थनेची ओढ विझू नये, असे ही नियमावली बजावते. काम उरकून वेळ उरला तर प्रार्थना, असा हा क्रम नाही. दिवसाची चौकट प्रार्थनेची आणि त्यात कामे बसवायची.

गोन्सालो यांचे जुने कौशल्य वाया गेले नाही. १५९३ मध्ये पेद्रो बौतिस्ता यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ मनिलाहून जपानला गेले, तेव्हा दुभाषी म्हणून तेच सोबत होते. जपानचे सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी यांच्यासमोर त्यांनीच बोलणी केली. क्योटोत चर्च आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. भाषा तीच, माणसे जोडण्याची हातोटी तीच. फक्त ती कुणासाठी वापरायची, ते बदलले होते.

मृत्युदंड का झाला?

हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच धर्मप्रसारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. त्याची अंमलबजावणी ढिली होती. ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. मालाच्या जप्तीवरून वाद पेटला. धर्मप्रसारकांच्या मागोमाग परकीय सैन्य येते, हा संशय बळावला आणि धरपकड झाली.

जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. भर थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर ठार करण्यात आले. त्यात २० जपानी आणि ६ परदेशी फ्रान्सिस्कन होते. गोन्सालो त्या सहांपैकी एक. वय साधारण चाळीस.

१६२७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

आज याचा अर्थ काय?

वसई-विरारमधील अनेकांचा दिवस पहाटेच्या लोकलने सुरू होतो आणि रात्रीच्या लोकलने संपतो. सगळ्यांनी नोकरीधंदा सोडावा, असे गोन्सालो यांचे आयुष्य सांगत नाही. भाविकांपुढे ते एक साधा प्रश्न ठेवते: दिवसातला पहिला वेळ कुणाचा आणि उरलेला कुणाचा?

टेकडीवरचा तो शेवटचा दिवस एकदाच आला. त्याची तयारी मात्र मनिला आणि क्योटोतल्या कितीतरी साध्या दिवसांत झाली होती. त्या दिवसांची नोंद इतिहासात नाही. दिवसाला ७६ प्रार्थना आणि कुष्ठरोग्यांच्या जखमा, एवढाच त्यांचा हिशेब.